सतरा, अठरा, शून्य

मुलगी : बाबा, तिला शाबासकी देऊ नका. मी आत्ताच त्या उत्तरावर फुली मारलीय.

ड्रायव्हर : अगं, पण का? पोरीनं किती सरळ लिहिलंय. 'बस हळू चालली होती, म्हणून तिचं त्वरण कमी होतं, म्हणून प्रवाशांना धक्का बसला नाही.' एकतीस वर्षं बस चालवतोय मी. यात चूक कुठे आहे?

मुलगी : सगळीकडे. आणि ती एकटी नाही. वर्गातल्या चाळीस जणांपैकी सव्वीस जणांनी हेच लिहिलंय. महिनाभर घसा कोरडा केला मी. वेग म्हणजे गाडी किती जोरात चाललीय ते. त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्यानं बदलतोय ते. दोन वेगळ्या गोष्टी. वर्गात माना डोलावल्या सगळ्यांनी, आणि पेपरात पुन्हा तेच. वेग जास्त तर त्वरण जास्त, वेग कमी तर त्वरण कमी.

ड्रायव्हर : सव्वीस जण एकच म्हणतायत, तर एकदा पुस्तकच तपासून बघ की.

मुलगी : इथे मतदान नसतं, बाबा. आणि हा बघा दुसरा नमुना. 'त्वरण म्हणजे फार म्हणजे फारच जास्त वेग.'

ड्रायव्हर : मन लावून लिहिलंय बिचाऱ्यानं. बरं, तुझे पेपर राहू देत. रविवार अर्धा संपला. माझं काम कधी करणार? उद्या अकरा वाजता डेपोत चौकशी आहे. नोटिशीचं उत्तर लेखी न्यायचंय, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे.

मुलगी : आणा तो कागद. सांगा, मी लिहिते.

ड्रायव्हर : लिही. 'मागच्या महिन्यात, सोमवारी सकाळी, माझ्या बसमध्ये एक वयस्कर महिला प्रवासी पडल्या. त्यांच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं व कपाळाला चार टाके पडले. त्याबद्दल मला वाईट वाटतं.' हे 'वाईट वाटतं' आधी घ्यायचं की शेवटी?

मुलगी : आहे तिथे बरं आहे. पुढे?

ड्रायव्हर : 'परंतु त्या वेळी बसचा वेग ताशी फक्त अठरा किलोमीटर होता. बसमधल्या वेग नोंदवणाऱ्या मशीनचा कागद सोबत जोडला आहे. इतक्या कमी वेगात धक्का बसणं शक्य नाही. सबब सदर महिलेचा तोल आपोआप गेला असावा.' का गं, थांबलीस का?

मुलगी : हे उत्तर मी आज सव्वीस वेळा वाचलंय.

ड्रायव्हर : मग तर लिहायला सोपं जाईल.

मुलगी : मशीनचा कागद दाखवा.

ड्रायव्हर : त्यात बघण्यासारखं काही नाही. वर ठळक अक्षरात आहे ते वाच. सर्वाधिक वेग, अठरा. तिथली मर्यादा पंचवीसची. सायकलवाला पुढे निघून जाईल इतका कमी.

मुलगी : खाली बारीक अक्षरात दर सेकंदाचा वेग दिलाय.

ड्रायव्हर : ते कोणी वाचत नाही.

मुलगी : तेरा. पंधरा. सतरा. अठरा. शून्य.

ड्रायव्हर : हं.

मुलगी : अठराच्या पुढच्या सेकंदाला शून्य, बाबा.

ड्रायव्हर : मग? थांबवली गाडी. थांबवायची नाही तर काय करायचं?

मुलगी : एका सेकंदात? हिशेब सोपा आहे. गच्चीवरून वस्तू टाकली की ती ज्या झपाट्यानं वेग पकडते, त्याच्या निम्म्या झपाट्यानं तुमच्या बसनं वेग सोडला. बस थांबली. आत उभं असलेलं माणूस कशाला थांबेल? ते पुढेच जाणार. वेग अठरा होता की ऐंशी, त्यानं काय होतं? मोठ्या रस्त्यावर ऐंशीनं चाललेल्या तुमच्या बसमध्ये लोक घोरत असतात.

ड्रायव्हर : घोरतातच. डेपोत मला 'पाळणा' म्हणतात ते उगाच नाही. नवीन ड्रायव्हरांना माझ्या शेजारी बसवतात, पाय बघा याचा म्हणून.

मुलगी : म्हणून तर विचारतेय. पाळण्याला असा ब्रेक का मारावा लागला? कोणी आडवं आलं होतं?

ड्रायव्हर : आलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी : मग?

ड्रायव्हर : सिग्नल. थांब्यावरून पुढचा सिग्नल हिरवा दिसत होता. वाटलं, निघेल. नाही निघाला. लाल झाला.

मुलगी : तुम्ही सिग्नलच्या मागे कधीपासून लागलात?

ड्रायव्हर : डेपोच्या दारात फळा लावलाय मागच्या महिन्यापासून. कोण किती मिनिटं उशिरा आलं, नावासकट. एकतीस वर्षांत माझं नाव नोटिशीच्या फळ्यावर नाही लागलं. त्या दिवशी चार मिनिटं उशीर होता.

मुलगी : आणि त्या बाई? बसल्या होत्या?

ड्रायव्हर : चढल्या होत्या.

मुलगी : बसल्या होत्या का, विचारलं मी.

ड्रायव्हर : तू वर्गात अशीच उभी राहतेस का गं, कमरेवर हात ठेवून?

मुलगी : बाबा.

ड्रायव्हर : आरशात दिसल्या मला. डाव्या हातात पिशवी, उजव्या हातानं दांडा धरलेला. सीट दोन पावलांवर. आणि मी गाडी सोडली. पुरे? निवृत्तीला चार महिने राहिलेत माझे. उद्या दोषी ठरलो तर चाक काढून घेतील. निरोपाच्या दिवशी साहेब 'निष्कलंक सेवा' म्हणतात ना भाषणात, ते माझ्या वेळी गिळतील. एका सेकंदासाठी एकतीस वर्षं? तुझ्या त्या त्वरणात याचा काही हिशेब आहे?

मुलगी : नाही. त्याचा नाही.

ड्रायव्हर : मग लिही मी सांगतोय ते. खोटं एक अक्षर नाही त्यात. वेग अठराच होता.

मुलगी : लिहिते. फक्त एक सांगा. त्यांना भेटायला गेला होतात ना? आई म्हणत होती, फळं घेऊन गेलात आणि आल्यावर जेवला नाहीत.

ड्रायव्हर : आईला काही पोटात ठेवता येत नाही.

मुलगी : काय म्हणाल्या त्या?

ड्रायव्हर : शिवणकाम करतात. ब्लाउज, परकर, पडदे. आठवड्यातून एकदा अस्तर आणि बटणं आणायला बाजारात जातात, तेवढंच बाहेर पडणं. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो. तर त्याच मला म्हणाल्या, 'तुमचा काय दोष? मला आता तोल राहत नाही. मुलगा म्हणतो ते खरंच असेल.'

मुलगी : मुलगा काय म्हणतो?

ड्रायव्हर : एकटं बाहेर पडायचं नाही यापुढे. वय झालं. चक्कर आली असणार, लपवतेस. शिवणाचं मशीनसुद्धा विकायचं म्हणतोय, पायात यायला नको म्हणून. आणि त्या मान हलवत होत्या. ज्या बाईनं दांडा धरला होता, ती बाई मला सांगत होती, 'मी धरला नसेल.'

मुलगी : आणि तुम्ही काय म्हणालात?

ड्रायव्हर : म्हणालो, काळजी घ्या.

मुलगी : द्या तो कागद. 'तोल आपोआप गेला असावा' इथपर्यंत झालं होतं. पुढे काय लिहू?

ड्रायव्हर : तू खरंच लिहिणार हे?

मुलगी : वडील आहात माझे. लिहीन. फक्त मग या सव्वीस जणांच्या फुल्या खोडून त्यांना पूर्ण मार्क द्यायला लागतील.

ड्रायव्हर : टोमणा मारू नकोस.

मुलगी : टोमणा नाही. बसलेय मी पेन घेऊन.

ड्रायव्हर : ठेव ते पेन. ठेव म्हणतो ना. कोरा कागद दे मला. अक्षर कसं का असेना, माझं मी लिहितो.

* * *

साहेब : या, या, पाळणा! बसा. तुमची चौकशी म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे. मी निकाल टाइप करूनच ठेवलाय, म्हणजे तुम्हाला दुसरी खेप नको.

ड्रायव्हर : चौकशीच्या आधी निकाल, साहेब?

साहेब : कागद बोलतोय ना! हा फॉर्म बघा. पहिला प्रश्न, वेगमर्यादा ओलांडली का? नाही. दुसरा, वाहनात बिघाड होता का? नाही. ही दोन उत्तरं 'नाही' आली की तिसरं आपोआप 'हो' येतं.

ड्रायव्हर : तिसरा प्रश्न काय आहे?

साहेब : प्रवाशाचा निष्काळजीपणा. इथे सही करा.

ड्रायव्हर : आधी हे माझं उत्तर वाचा, साहेब.

साहेब : कशाला त्रास घेतलात? हं... हे अक्षर... 'बस मी झटक्यात थांबवली.' आणि हे पुढे? 'बाई बसल्या नव्हत्या हे मला आरशात दिसलं होतं. त्यांनी दांडा धरला होता. चूक माझी आहे.' हे काय आहे?

ड्रायव्हर : उत्तर.

साहेब : बरं वाटत नाहीये का तुम्हाला? घरी काही झालंय का?

ड्रायव्हर : घरी काय व्हायचंय? खालच्या बारीक अक्षरात बघा साहेब. सतरा, अठरा, शून्य.

साहेब : बघितलं. अठरा. मर्यादा पंचवीस. म्हणजे सात किलोमीटर तुमचे शिल्लकच राहिले.

ड्रायव्हर : ते शिल्लक राहून काय उपयोग? अठरावरून शून्यावर एका सेकंदात आलो. माणूस वेगानं पडत नाही, साहेब. वेग बदलला की पडतं. त्याला त्वरण म्हणतात. इथे उलट्या दिशेनं.

साहेब : मला शिकवू नका. विज्ञान घेऊन पदवी घेतलीय मी. त्वरण म्हणजे काय, मला माहीत आहे. त्वरण म्हणजे खूप जास्त वेग.

ड्रायव्हर : फार म्हणजे फारच जास्त?

साहेब : अगदी बरोबर! आणि तुमचा तर कमी होता. मग त्वरण आलं कुठून?

ड्रायव्हर : साहेब, तुमचा हा पाण्याचा पेला जरा घेऊ?

साहेब : घ्या ना, प्या. मी म्हणतच होतो, तुम्हाला बरं नाहीये.

ड्रायव्हर : प्यायचं नाहीये. हा फॉर्म म्हणजे बस समजा. त्यावर हा पेला. ही बस निघाली. बघा, माणूस चालतो तेवढ्याच वेगानं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललीय. सांडलं का थेंबभर?

साहेब : नाही. तेच तर म्हणतोय मी. वेग कमी, म्हणून—

(ड्रायव्हर कागद जागच्या जागी थांबवतो. पेला आडवा होतो आणि पाणी टेबलावरच्या उघड्या फायलीत जातं.)

साहेब : अहो! अहो, फाईल! हे काय केलंत!

ड्रायव्हर : वेग किती होता, साहेब?

साहेब : वेग गेला खड्ड्यात! फडकं आणा कोणीतरी! हा शुद्ध निष्काळजीपणा आहे!

ड्रायव्हर : कोणाचा? पेल्याचा?

साहेब : तुमचा! तुम्ही एकदम थांबवलात!

ड्रायव्हर : हेच लिहून आणलंय मी. तुम्ही वाचायला तयार नव्हतात.

साहेब : हे बघा. शांतपणे ऐका. दार लोटून घ्या जरा. मला कळत नाही असं समजू नका. पण या फॉर्ममध्ये 'एकदम थांबवलं का' असा प्रश्नच नाही. मी तुम्हाला दोषी कशाखाली ठरवू? वेगाखाली? वेग कमी. ब्रेकखाली? ब्रेक उत्तम, उलट जरा जास्तच उत्तम. मी वर पाठवलं तर वरचे मलाच विचारतील, हा नवीन गुन्हा कुठून काढलास?

ड्रायव्हर : नवीन नाही, साहेब. गाड्या आल्या तेव्हापासूनचा आहे.

साहेब : चार महिन्यांत तुम्ही सुटणार. मग कशाला ओढवून घेताय? सही करा, आपण दोघं सुटू.

ड्रायव्हर : तिसऱ्या प्रश्नापुढचं 'हो' खोडता का?

साहेब : ते खोडलं तर फॉर्म अपुरा राहतो.

ड्रायव्हर : मग मी सही करत नाही. अपुराच राहू दे.

साहेब : अहो, निर्दोष ठरायला नकार देणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय! याचं काय करायचं, त्याचासुद्धा नियम नाही आमच्याकडे.

ड्रायव्हर : तो मशीनचा कागद भिजलाय का?

साहेब : कडेनं. का?

ड्रायव्हर : त्याची प्रत हवी होती. एका घरी दाखवायचीय.

* * *

बाई : अहो, बाहेर उभे का? आत या. खुर्चीवरचं कापड खाली ठेवा... नाही, असू दे, तुम्हाला नाही जमायचं, त्यात टाचण्या आहेत. मी करते.

ड्रायव्हर : एका हातानं?

बाई : डावा आहे ना. प्लास्टर आणखी दोन आठवडे म्हणे. तोवर डाव्या हातानं टाके घालायला शिकतेय. लहान मुलांनी घातल्यासारखे पडतात. आज बस नाही चालवायची?

ड्रायव्हर : चालवायची नाहीये सध्या. खिडकीत बसवलंय मला. पासवर शिक्के मारतो.

बाई : अरे देवा! माझ्यामुळे?

ड्रायव्हर : छे. तुमच्या बाबतीत त्यांना माझा काही दोष सापडेना. फाईल भिजवली म्हणून शिक्षा दिलीय. त्याचा मात्र नियम होता.

बाई : काहीतरीच.

ड्रायव्हर : खरंच. महिनाभर शिक्के. डेपोच्या फळ्यावर नावही लागलंय. 'कार्यालयीन कागदपत्रांची हानी.'

बाई : वाईट वाटलं असेल.

ड्रायव्हर : पहिल्या दिवशी पाठ फिरवून आत गेलो. दुसऱ्या दिवशी वाचलं. अक्षर चांगलं आहे.

बाई : बसा तरी. चहा टाकते.

ड्रायव्हर : चहा नको, मावशी. मी एका कामाला आलोय. मागे आलो तेव्हा करायचं होतं, ते केलं नाही. हा कागद बघा. चष्मा आहे?

बाई : हा काय डोक्यावर. काय आहे हे? नुसते आकडे.

ड्रायव्हर : प्रत्येक आकडा म्हणजे एक सेकंद. इथे तुम्ही चढलात. इथे शून्य आहे, बस उभी. मग वेग वाढत गेला, हे बघा, तेरा, पंधरा. इथे तुम्ही चालत होतात, पिशवी डाव्या हातात.

बाई : अस्तराचं कापड होतं त्यात. दोन मीटर, आकाशी.

ड्रायव्हर : आणि उजव्या हातानं दांडा.

बाई : असं मला वाटतं. पण मुलगा म्हणतो, धरला असतास तर पडली कशी असतीस? ते पण पटतं. रात्रंदिवस आठवून बघते, आता मलाच खात्री नाही.

ड्रायव्हर : मला आहे. आरशात बघितलं मी. धरला होता.

बाई : धरला होता?

ड्रायव्हर : घट्ट. मनगट मोडलं ते त्यामुळेच. सोडला असतात तर कदाचित नुसतं खरचटलं असतं. आता हे बघा. सतरा, अठरा. आणि हा पुढचा आकडा.

बाई : शून्य.

ड्रायव्हर : एक सेकंद, मावशी. तेवढ्यात मी अख्खी बस जागच्या जागी खिळवली. पुढे सिग्नल होता. मला घाई होती, आणि तुम्ही बसला नव्हतात हे दिसत असून गाडी सोडली होती. तुमच्या जागी वीस वर्षांचा पहिलवान उभा असता तरी त्याचं डोकं त्या दांड्यावर आपटलं असतं. माझी लेक शाळेत हेच शिकवते. तिनं आकडे मांडून दाखवले.

बाई : म्हणजे बस फार जोरात होती का?

ड्रायव्हर : नाही. अजिबात नाही. तेच तर कोणाला पटत नाही. वेग कमीच होता. मी तो एकदम तोडला. हे... तुम्ही मशीनवर शिवताना पाय सारखा ठेवलात तर कापड नीट सरकतं. सावकाश चालवा नाहीतर भरभर. पण मधेच चाकावर हात दाबून थांबवलं तर?

बाई : दोरा तुटतो.

ड्रायव्हर : आणि दोष कोणाचा?

बाई : दोऱ्याचा कसा असेल? मी चांगला दोरा वापरते.

ड्रायव्हर : तेच सांगायला आलोय.

बाई : थांबा हं. जरा श्वास घेऊ द्या. म्हणजे माझा तोल गेला नव्हता?

ड्रायव्हर : नाही.

बाई : चक्कर?

ड्रायव्हर : नाही. तुम्ही पडला नाहीत, मावशी. मी पाडलं तुम्हाला. माफी मागायला महिना लावला, तीही चूक माझीच.

बाई : इतक्या हळू बोलू नका हो. जरा मोठ्यानं सांगा. मुलगा आतल्या खोलीत आहे.